गाडीतला वूफर आणि अँप: जोडी जुळवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीत वूफर, म्हणजे बेस वाजवणारा मोठा स्पीकर, बसवायचा म्हटलं की मित्रमंडळींचे तेच तेच प्रश्न येतात. बहुतेक जण वूफर आधी घेतात, मग मिळेल ते अँप, म्हणजे त्याला ताकद पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर, घेतात आणि वायरीचा विचार सगळ्यात शेवटी करतात. माझं म्हणणं उलट आहे. आधी गाडीत जागा किती ते बघा, मग बॉक्स ठरवा, त्या बॉक्सला साजेसा वूफर घ्या, वूफरला साजेसं अँप घ्या आणि त्या अँपला पुरेल अशी वायर टाका. खालची उत्तरं याच समजुतीवर उभी आहेत.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० वॉट लिहिलंय. तो आकडा खरा मानायचा का?

नाही. तो बहुधा ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’ आकडा असतो, म्हणजे क्षणभरासाठीचा. जुळवाजुळव करताना फक्त आरएमएस वॉट बघायचे, म्हणजे सतत देता किंवा सोसता येणारी ताकद. हा आकडा खोक्यावर नसला तरी आतल्या पत्रकात असतो. तिथेही नसेल तर ती वस्तू मी घेत नाही.

अँपच्या बाबतीत ‘सीईए-२००६’ असा शिक्का शोधा. याच मानकाला आता सीटीए-२००६ म्हणतात. त्यात १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भाराला (ओहमचं गणित खाली आहे), आवाजातली विकृती १ टक्क्याच्या आत ठेवून ताकद मोजतात. सगळ्यांची मोजपट्टी एकच असल्यामुळे दोन अँपची तुलना करता येते. शिक्का नसेल तर अँपवरचे फ्यूज बघा. दोन ३० अँपिअरचे फ्यूज म्हणजे एकूण ६० अँपिअर. त्याला १३.८ व्होल्टने गुणलं की ८२८ वॉट आत जाऊ शकतात. क्लास डी अँप (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) त्यातले साधारण ८० टक्के बाहेर देतं, म्हणजे साडेसहाशेच्या आसपास. अशा अँपवर २००० वॉट छापलेलं असेल तर ते आपल्याला मिळणार नाहीत, हे दुकानात उभ्या उभ्याच कळतं.

वूफर ३०० वॉट आरएमएसचा आहे. अँप किती वॉटचं घेऊ?

३०० चंच घ्या. थोडं जास्त, म्हणजे साडेतीनशे-चारशेपर्यंत असलं तरी चालेल, मात्र अँपवरचा गेन (त्याचं खाली सांगतो) नीट लावायला हवा. १५० चं असेल तरी वाजेल, आवाज तेवढा कमी. पण एक अट महत्त्वाची: हे वॉट तुमच्या वूफरच्या ओहमवरचे हवेत. एकच अँप ४ ओहमला ३०० वॉट देतं आणि २ ओहमला ५०० देतं. नुसतं ‘५०० वॉटचं अँप’ म्हणण्याला अर्थ नाही. किती ओहमला, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

कमी ताकदीच्या अँपने वूफर जळतो म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं. कमी वॉट मिळाले म्हणून कुठलाही वूफर जळत नाही. हळू आवाजात गाणी ऐकताना त्याला दोन-चार वॉटच मिळत असतात. खरी गोष्ट अशी की आवाज पुरत नाही म्हणून माणूस गेन फिरवतो, मग बेस बूस्ट फिरवतो. अँप आपल्या मर्यादेला टेकतं आणि लहरीचे शेंडे कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. गोलसर लहर पूर्ण चौकोनी झाली की शेंड्याची उंची तीच राहूनही सरासरी ताकद दुप्पट होते. म्हणजे १५० चं अँप ३०० च्या आसपास ओतायला लागतं. वूफर २०० चा असेल तर त्याची कॉइल, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, तापत राहते, वरचा लाखेचा थर करपतो आणि गाडीत जळका वास येतो.

माझ्या पहिल्या गाडीतला वूफर असाच गेला. बसवणाऱ्याने गेन पूर्ण आणि बेस बूस्टही पूर्ण ठेवून गाडी हातात दिली होती. पहिले काही दिवस आवाज दणदणीत वाटला, म्हणून मीही तपासलं नाही. तेव्हापासून दुसऱ्याने बसवलेली सिस्टीम असली तरी मी पहिल्यांदा डिकी उघडून बेस बूस्ट शून्यावर आणतो.

ओहमचं गणित समजावून सांगा.

ओहम म्हणजे वूफर अँपला किती अडवतो ते. अडवणूक कमी तर प्रवाह जास्त, आणि प्रवाह जास्त तर अँपकडून ताकदही जास्त निघते. म्हणूनच ओहम खाली आणायचा मोह होतो. पण प्रत्येक अँपला एक तळ असतो. मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलची अँप, बहुधा २ किंवा १ ओहमपर्यंत जातात. त्याखाली भार दिला तर अँप तापतं, संरक्षणात जाऊन बंद पडतं, आणि स्वस्तातलं असेल तर आतले ट्रान्झिस्टर उडतात.

दोन वूफर जोडायच्या दोन रीती. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडलं की समांतर. अशा जोडणीत दोन ४ ओहमचे मिळून २ ओहम होतात. एकाचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला जोडून साखळी केली तर एकसर. मग दोन ४ ओहमचे ८ होतात.

ड्युअल कॉइलच्या, म्हणजे दोन कॉइल असलेल्या, वूफरमध्ये हेच गणित एका वूफरच्या पोटात होतं. ४+४ ओहमचा वूफर समांतर जोडला तर २, एकसर जोडला तर ८. २+२ चा वूफर समांतर १, एकसर ४. ४+४ चे दोन वूफर असतील तर चारही कॉइल समांतर जोडून १ ओहम मिळतो, आणि प्रत्येकाच्या कॉइल एकसर करून दोन्ही वूफर समांतर लावले तर ४. २+२ चे दोन असतील तर तीच मिश्र जोडणी २ ओहम देते, आणि सगळं समांतर केलं तर अर्धा ओहम, जो रोजच्या वापरातल्या अँपला झेपणारा नाही.

म्हणून वूफर घेतानाच अँपचा तळ हातात हवा. तुमचं मोनोब्लॉक २ ओहमला सगळ्यात जास्त देत असेल तर एकच ४+४ चा वूफर घ्या. १ ओहमपर्यंत जाणारं असेल तर २+२ चा. हे उलटं झालं तर पैसे वाया जातात: २ ओहमच्या अँपला २+२ चा वूफर समांतर लावता येत नाही, आणि एकसर ४ वर अँपची निम्म्यापर्यंत ताकद पडून राहते.

दोन बारीक गोष्टी. मल्टिमीटरने ४ ओहमची कॉइल मोजली तर ३.२ ते ३.८ दिसेल, वूफर खराब नाही, मीटर फक्त तारेचा रोध दाखवतो. आणि ड्युअल कॉइलमधली एक कॉइल मोकळी सोडू नका. वूफरची सोसायची ताकद जवळपास निम्मी होते.

माझ्याकडे चार चॅनलचं अँप आहे. वेगळं मोनोब्लॉक घ्यावंच लागेल का?

नाही, आणि कमी बजेटमध्ये मला हीच जोडी सगळ्यात आवडते. पुढचे दोन चॅनल दारांतल्या स्पीकरना द्या, मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, वूफरला. ब्रिज कसं करायचं ते अँपवरच छापलेलं असतं: एका चॅनलचा प्लस, दुसऱ्याचा मायनस.

फक्त एक सांभाळा. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला निम्माच ओहम जाणवतो. ४ ओहमचा वूफर ब्रिजवर लावला तर चॅनलच्या दृष्टीने तो २ ओहमचा. जवळपास सगळी चार चॅनलची अँप हे झेपवतात. पण २ ओहमचा वूफर ब्रिजवर लावला तर चॅनलला १ ओहम दिसतो, आणि अँप बसतं. म्हणजे ब्रिजसाठी ४ ओहमचाच वूफर हवा.

गेनचं बटण म्हणजे आवाजच ना? पूर्ण फिरवलं तर काय बिघडतं?

गेन म्हणजे आवाज नाही. स्टिरिओच्या मागून येणारा सिग्नल कुठे २ व्होल्टचा असतो, कुठे ४ चा, कुठे ५ चा. त्या सिग्नलला अँप नेमकं भरावं एवढंच गेनचं काम. ४ व्होल्टच्या स्टिरिओला गेन पूर्ण फिरवला तर आवाजाच्या दहाव्या-बाराव्या पायरीवरच अँप क्लिप व्हायला लागतं.

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. कसं लावायचं ते सांगतो.

वूफरची वायर अँपवरून काढा. स्टिरिओवरचं बेस, ट्रेबल, लाउडनेस सगळं सपाट करा. अँपवरचा बेस बूस्ट शून्य, गेन अगदी खाली, लो-पास फिल्टर (वरचे सूर अडवणारा) वरच्या टोकाला, सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) बंद किंवा सगळ्यात खाली. ५० हर्ट्झचा, ० डेसिबलचा टेस्ट टोन पेनड्राइव्हवर घ्या. इंजिन चालू करा आणि स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर न्या. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या वूफरच्या टोकांना लावा आणि ठरलेला आकडा येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा.

आकडा असा काढायचा: वॉट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. २ ओहमला ५०० वॉट हवे असतील तर १००० चं वर्गमूळ, ३१.६ व्होल्ट. ४ ओहमला ३०० हवे तर १२०० चं वर्गमूळ, ३४.६. वॉट मात्र अँपचे आणि वूफरचे यांपैकी जे कमी असतील ते धरा.

घरातली वीजही ५० हर्ट्झचीच असते, म्हणून साध्या मीटरचं वाचन या टोनला बरोबर येतं. मीटरला क्लिपिंग मात्र दिसत नाही. अँपने छापल्यापेक्षा कमी ताकद दिली तर तुमचा आकडा गाठण्याआधीच ते क्लिप झालेलं असेल. म्हणून मी आकड्याच्या एक-दोन व्होल्ट खालीच थांबतो. कानाला तो फरक कळत नाही.

नंतर अँप बंद करून वूफर जोडा, फिल्टर जागेवर आणा, आणि स्टिरिओचा आवाज त्या तीन-चतुर्थांशाच्या वर न्यायचा नाही, हे गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवा.

वायर कितीची घ्यायची? दुकानात ‘फोर गेज’ किट अगदी स्वस्तात मिळतं.

इथे मी हात आखडता घेऊ देत नाही. गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड. आधी प्रवाह काढा. ५०० वॉट आरएमएसचं क्लास डी अँप साधारण ६२५ वॉट आत ओढतं, १३.८ व्होल्टला ते ४५ अँपिअर होतात. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर धरा. शुद्ध तांब्याच्या ४ गेज वायरमध्ये एवढ्या प्रवाहाला ०.२ व्होल्टच्या आत घट होते. ८ गेजच्या तांब्यात ती जवळपास अर्ध्या व्होल्टवर जाते, आणि ८ गेजच्या सीसीए वायरमध्ये ०.७ च्या पुढे.

सीसीए म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. तांब्याच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी वीज ती वाहून नेते. स्वस्त किटमध्ये हीच असते, आणि बऱ्याचदा गेजही खोटं असतं: बाहेरचं रबर जाड, आत तार बारीक. ओळखायचं तर टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली तर सीसीए. घ्यायचीच असेल तर एक-दोन माप मोठी घ्या.

३०० वॉटपर्यंत तांब्याची ८ गेज, ५०० ते ६०० ला ४ गेज. त्यावर जाणार असाल तर १/० गेज.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. फ्यूज अँपसाठी नसून वायरसाठी असतो, हे लक्षात ठेवा. बॉनेटमधून आत येताना वायर पत्र्याला घासली, रबर फाटलं आणि मध्ये फ्यूज नसेल तर बॅटरीची सगळी ताकद त्या ठिणगीत उतरते आणि गाडी पेटते. तांब्याच्या ८ गेजला ५० अँपिअर आणि ४ गेजला १०० अँपिअरच्या वर मी जात नाही. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवंच.

अर्थची, म्हणजे अँपचा मायनस गाडीच्या बॉडीला जोडणारी, वायर प्लसइतकीच जाड, जमेल तितकी आखूड, आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. सीटबेल्टचा बोल्ट त्यासाठी वापरू नका.

लाइट लुकलुकतात. कपॅसिटर लावू का?

नको. १ फॅरडचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून झटकन देणारा डबा, १४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना २६ ज्यूल देतो. वरच्या ५०० वॉटच्या अँपला ते सेकंदाच्या पंचविसाव्या भागापुरते पुरतात. त्या पैशांत बॅटरी ते बॉडी, इंजिन ते बॉडी आणि अल्टरनेटर ते बॅटरी या तीन वायरी जाड करून घ्या. एवढ्यावरही लुकलुक राहिली तर तुमची मागणी अल्टरनेटरच्या पलीकडे गेली आहे. अँप लहान करा किंवा अल्टरनेटर मोठा.

गाडी बंद ठेवून किती वेळ वाजवता येईल?

छोट्या पेट्रोल गाड्यांत बहुधा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. मध्यम आवाजात सिस्टीमने सरासरी १५ अँपिअर ओढले तर तासाभरात बॅटरी जवळपास निम्मी उतरते, आणि ताम्हिणीच्या घाटात सहल संपल्यावर स्टार्टर नुसता टकटक करतो. शिवाय इंजिन बंद असताना व्होल्ट १२.६ वर येतात. त्यामुळे बहुतेक अँपची ताकदही जवळपास पाव हिश्श्याने घटते. अर्धा तास ठीक. त्यापुढे इंजिन चालू करा.

बॉक्स कोणता? तयार बेस ट्यूब घेतली तर?

वूफरचा अर्धा आवाज बॉक्स ठरवतो, आणि लोक सगळ्यात कमी विचार बॉक्सचाच करतात.

बंद बॉक्स लहान, करायला सोपा, आणि बेस आटोपशीर देतो. ढोलकीची थाप थाप म्हणूनच ऐकू येते, मागे गुणगुण रेंगाळत नाही. १२ इंची वूफरला साधारण एक घनफूट, म्हणजे २८ लिटर पुरतात. पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेला, बॉक्स त्याच वॉटमध्ये जास्त दणका देतो, पण त्याला साधारण दुप्पट जागा लागते आणि माप चुकलं तर बेस एकाच सुरात घुमतो. पोर्ट ज्या हर्ट्झला लावलेला असतो त्याखाली वूफरच्या पडद्याला मागून हवेचा आधार राहत नाही. म्हणून पोर्टवाल्या बॉक्सला सबसॉनिक फिल्टर लागतोच, पोर्टच्या हर्ट्झच्या थोडा खाली.

कुठला वूफर कुठल्या बॉक्सला, हे अंदाजाने ठरवू नका. पत्रकात एफएस, क्यूटीएस, क्यूईएस, व्हीएएस असे वूफरचा स्वभाव सांगणारे आकडे असतात. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या ऑस्ट्रेलियातल्या दोन अभियंत्यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत हे गणित बसवलं. पटकन बघायचं तर एफएसला क्यूईएसने भागा: उत्तर ५० च्या आसपास आलं तर बंद बॉक्स, १०० च्या आसपास आलं तर पोर्ट.

बेस ट्यूब, म्हणजे वूफर बसवलेलं तयार नळकांडं, उचलायला सोपी आणि स्वस्त, पण आतला वूफर हलका असतो आणि माप त्याच वूफरपुरतं. त्यात नंतर दुसरा वूफर बसवून फायदा होत नाही. बॉक्स १८ मिलिमीटर एमडीएफचा करा. कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर पावसाळ्यात एमडीएफ ओल धरून फुगतो. तिथे चांगला मरीन प्लाय घ्या आणि कडा आतून बाहेरून बंद करा.

डिकीत सीएनजीची टाकी आहे. वूफर विसरायचा का?

नाही. सीटखालचा अ‍ॅक्टिव्ह वूफर घ्या. त्यात अँप आतच असतं, म्हणजे जुळवाजुळव कंपनीने केलेली असते. छाती हादरणार नाही, पण गाण्यातला खालचा भाग भरून येतो. गाडीची बंद केबिन खालच्या सुरांना आपोआप उचलून धरते, त्यामुळे ८ इंचीही वाटतो त्याहून मोठा वाजतो.

टाकीच्या आजूबाजूला आणि फ्लोअरला स्वतः ड्रिल मारू नका. खालून गॅसची नळी गेलेली असते. वायरही त्या नळीपासून लांब, दुसऱ्या बाजूने न्या.

कंपनीचा टचस्क्रीन बदलायचा नाही. मागे आरसीए, म्हणजे अँपला सिग्नल देणारी भोकं, नाहीत.

हाय-लेव्हल इनपुट असलेलं अँप घ्या. ते थेट स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल घेतं. तसं नसेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर (स्पीकरच्या वायरीवरचा सिग्नल आरसीएचा करणारी डबी) लावा. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापू देऊ नका, त्या मॉडेलचं कप्लर (न कापता जोडायचं सॉकेट) मिळतं.

फिल्टर किती हर्ट्झवर?

वूफरला ८० हर्ट्झचा लो-पास, दारांतल्या स्पीकरना ८० चा हाय-पास. हा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. दारातला ६ इंची स्पीकर खालच्या सुरांतून मोकळा झाला की तो स्वच्छ वाजतो. मग अँपवरचा फेजचा खटका ० आणि १८० वर फिरवून बघा. चालकाच्या जागी बसून जिथे बेस जास्त भरीव लागेल तिथे ठेवा.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी येते.

अर्थ कच्ची आहे, किंवा पॉवरची वायर आणि आरसीए केबल एकत्र बांधल्या आहेत. अर्थ आधी तपासा. मग पॉवर एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने.

एका वूफरने समाधान नाही. अँप दुप्पट केलं तर आवाज दुप्पट होईल का?

नाही. ताकद दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे कानाला ‘थोडं वाढलं’ इतकंच. दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी दहापट ताकद. त्यापेक्षा दुसरा तसाच वूफर आणि दुप्पट ताकद असं मिळून ६ डेसिबल येतात. त्याआधी डिकीचा पत्रा, नंबर प्लेट आणि मागचा ट्रे यांचा खडखडाट बंद करा. अँप न बदलता बेस सुधारतो.

कानांचंही सांगतो, कारण हे नुकसान परत भरत नाही. ८५ डेसिबलला आठ तास ही अमेरिकेच्या नायोश संस्थेची मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. आणि निवासी भागात आपल्याकडे दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सोसायटीत शिरताना वूफरची पातळी खाली आणा. भिंती अडवत नाहीत तो नेमका बेसच असतो.

मे महिन्यात अँप तासाभरात बंद पडतं, थोड्या वेळाने आपोआप चालू होतं.

तापून संरक्षणात जातं. उन्हात उभी गाडी आतून भट्टी झालेली असते, आणि अँप जर बॉक्सवर कार्पेटमध्ये गुंडाळून बसवलं असेल तर उष्णतेला वाट नाही. सीटच्या पाठीला, हवा खेळेल असं लावा. तरीही बंद पडलं तर वूफरची वायर काढून टोकांचे ओहम मोजा. समांतर जोडणी चुकून एक पायरी खाली उतरलेली मला अशा वेळी खूपदा सापडली आहे: पत्रकात २, मीटरवर ०.८.